मेजर, मायनर आणि आठवड्याचे १६८ तास

पदवीच्या पहिल्या वर्षाचा प्रवेश अर्ज आता चार ओळींत भरून होत नाही. पूर्वी बीए, बीकॉम किंवा बीएस्सी असं लिहून समोरच्या दोन-तीन विषयांवर खूण केली की काम संपायचं. आता मेजर, मायनर, ओपन इलेक्टिव्ह, व्हीएससी, एसईसी, एईसी, व्हीईसी, आयकेएस, सीसी अशी रकान्यांची रांग लागते आणि प्रत्येक रकान्यावर टिचकी मारली की आणखी एक यादी उघडते. सायबर कॅफेत मागे पाचजण ताटकळत असतात, साइट मध्येच लटकते, मग 'तू काय टाकलंस गं?' असा मैत्रिणीला फोन होतो आणि तिने जे टाकलं तेच आपणही टाकतो. पुढची तीन वर्षं, कदाचित चार, त्या दहा मिनिटांत ठरून जातात.

विषयांबरोबर आठवडाही ठरतो. सकाळी किती वाजता निघायचं, प्रयोगशाळेतून किती वाजता सुटायचं, वाचायला वेळ उरणार की नाही, संध्याकाळची छोटी नोकरी धरता येणार की नाही, हे सगळं त्याच रकान्यांत दडलेलं असतं. आपण मात्र विषयनिवडीचा विचार जूनमध्ये करतो आणि अभ्यासाच्या ताणाचा ऑक्टोबरमध्ये, सबमिशनं अंगावर आल्यावर. ऑक्टोबरातला निम्मा त्रास जूनमध्येच टाळता येतो असं माझं म्हणणं आहे. तो कसा, ते पाहू.

आधी थोडी पार्श्वभूमी. ही रचना राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मधून आली. महाराष्ट्रात ती स्वायत्त महाविद्यालयांत २०२३-२४ पासून आणि संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५ पासून लागू झाली. तपशील विद्यापीठागणिक बदलतात आणि विषयांच्या याद्या महाविद्यालयागणिक. त्यामुळे इथे वाचलेलं आपल्या महाविद्यालयाच्या माहितीपुस्तिकेशी ताडून घ्या. ढाचा साधारण असा: मेजर म्हणजे तुमचा मुख्य विषय, ज्याच्या नावाने पदवी मिळते. मायनर म्हणजे दुय्यम विषय, काही सत्रं सलग शिकायचा. ओपन इलेक्टिव्ह सहसा दुसऱ्या शाखेतलं घ्यावं लागतं. व्हीएससी आणि एसईसी हे कौशल्याचे पेपर, एईसी भाषेचे, व्हीईसी मूल्यशिक्षणाचे, आयकेएस भारतीय ज्ञानपरंपरेचा, तर सीसीमध्ये एनएसएस, एनसीसी, क्रीडा, कला वगैरे. पुढे फील्ड प्रोजेक्ट, समाजसहभागाचा प्रकल्प आणि ऑन जॉब ट्रेनिंग येतं. बऱ्याच महाविद्यालयांत पहिल्या वर्षी तीन विषय सारख्या वजनाने शिकवतात आणि दुसऱ्या वर्षी त्यातला एक मेजर, एक मायनर करून तिसरा सोडायचा असतो. तुमच्याकडे तशी सोय असेल तर ती मोठीच सवलत आहे. पहिलं वर्ष चाचपणीचं समजा.

आता क्रेडिट. हे नीट कळलं की बाकीचं गणित सोपं आहे. सत्राला २० ते २२ क्रेडिट, तीन वर्षांच्या पदवीला १२० ते १३२ आणि चार वर्षांच्या ऑनर्सला १६० ते १७६. थिअरीचं एक क्रेडिट म्हणजे सत्रात १५ तासांची शिकवणी. प्रॅक्टिकलचं एक क्रेडिट म्हणजे ३० तास. सत्राचे शिकवण्याचे आठवडे १५ धरले, तर थिअरीच्या एका क्रेडिटला आठवड्याला एक तास आणि प्रॅक्टिकलच्या एका क्रेडिटला दोन तास लागतात. राष्ट्रीय क्रेडिट आराखड्यात वर्षाची ४० क्रेडिटं म्हणजे १२०० तासांचं शिकणं असा हिशेब आहे, म्हणजे एका क्रेडिटला सरासरी ३० तास. त्यात वर्गातले तास आले, तसे घरी किंवा ग्रंथालयात बसण्याचेही आले.

हा हिशेब दोन विद्यार्थ्यांना लावून बघू. दोघांचीही २२ क्रेडिटं आहेत, म्हणजे दोघांचंही आठवड्याला ४४ तासांचं काम. बीएस्सीच्या मुलाची १४ क्रेडिटं थिअरीची आणि ८ प्रॅक्टिकलची. त्याला १४ अधिक १६, असे ३० तास महाविद्यालयात बसावं लागतं आणि घरी १४ तास. बीएच्या मुलीची सगळी २२ क्रेडिटं थिअरीची. तिचे वर्गातले तास २२. उरलेले २२ तास तिने स्वतः वाचायचे, टिपणं काढायची, लिहून बघायचं. वेळापत्रकात मात्र तिची दुपार रिकामी दिसते. घरच्यांना वाटतं, हिला वेळच वेळ आहे. धाकट्या भावाची शिकवणी घे, बँकेत जाऊन ये, मावशीकडे डबा पोचव. तिलाही तसंच वाटतं. आर्ट्सला अभ्यास नसतो हा समज या न दिसणाऱ्या २२ तासांवर उभा आहे. ते तास कुणी हजेरी घेऊन करून घेत नाही, म्हणून ते होत नाहीत, आणि मग परीक्षेच्या आधी झेरॉक्सच्या दुकानात गाइडच्या पानांची रांग लागते.

मेजर निवडताना विषयाच्या नावावर जाऊ नका, तिसऱ्या वर्षाचा अभ्यासक्रम वाचा. पहिल्या वर्षाचा अभ्यासक्रम सगळीकडे ओळख करून देणारा, सौम्य असतो. विषयाचा खरा चेहरा पाचव्या-सहाव्या सत्रात दिसतो. विद्यापीठांच्या संकेतस्थळांवर अभ्यासक्रमाच्या पीडीएफ असतात आणि त्यासाठी लॉगिन लागत नाही. पेपरांची नावं, त्याखालची प्रकरणं, संदर्भग्रंथ आणि शेवटी गुणांची विभागणी, एवढं तासाभरात वाचून होतं.

मानसशास्त्राचं उदाहरण घ्या. सध्या या विषयाला मोठी मागणी आहे. मुलं येतात ती माणसांचं मन समजून घ्यायला, कुणाला तरी मदत करायला. हेतू उत्तम आहे. पण या विषयात संख्याशास्त्र आहे, प्रयोग आहेत, चाचण्या कशा घ्यायच्या आणि त्यांचे गुण कसे काढायचे याची जर्नलं आहेत. बारावीत गणित सोडल्याचा आनंद झालेल्या मुलीला तिसऱ्या वर्षी सरासरी, प्रमाण विचलन आणि सहसंबंध पुन्हा भेटतात. शिवाय नुसत्या पदवीने समुपदेशनाची पाटी लावता येत नाही. पुढे एमए लागतं, आणि क्लिनिकल काम करायचं असेल तर भारतीय पुनर्वास परिषदेची मान्यता असलेला अभ्यासक्रम आणि तिथली नोंदणी. हे माहीत असूनही विषय हवासा वाटत असेल, तर बिनधास्त घ्या.

भूगोलाबद्दल वेगळा गैरसमज असतो. त्याला सोपा विषय समजून निवडतात आणि मग नकाशे, सर्वेक्षण, क्षेत्रभेट, जीआयएस अशी प्रॅक्टिकलची बाजू समोर येते. बीए असूनही भूगोलवाल्यांचा आठवडा बीएस्सीसारखा भरलेला असतो. मराठी घेणाऱ्यांना वाटतं, कादंबऱ्या वाचायच्या आहेत. वाचायच्या आहेतच, पण भाषाविज्ञान आणि साहित्यशास्त्रही आहे, आणि ज्याला व्याकरणाचा कंटाळा त्याला ते जड जातं. अर्थशास्त्र भाषेतून सुरू होतं आणि हळूहळू आलेखांत, मग समीकरणांत शिरतं. संगणकशास्त्राच्या बीएस्सीत पहिल्याच वर्षी गणित, संख्याशास्त्र आणि इलेक्ट्रॉनिक्स भेटतं; मोबाइलवर ॲप बनवायला आलेल्या मुलांचा तिथे हिरमोड होतो. सूक्ष्मजीवशास्त्रात प्रयोग एका दिवसात संपत नाही. आज माध्यम तयार करून त्यावर जीवाणू लावायचे, ते उबवणयंत्रात ठेवायचे आणि वाढ बघायला दुसऱ्या दिवशी पुन्हा यायचं. दूरवरून एसटीने येणाऱ्या मुलीला हे आधी कुणीतरी सांगायला हवं.

अभ्यासक्रमाइतकीच महत्त्वाची दुसरी चौकशी आहे, तो विषय तुमच्या महाविद्यालयात शिकवतं कोण? प्राध्यापकांची पदं ठिकठिकाणी रिकामी आहेत आणि बरेच तास तासिका तत्त्वावरच्या शिक्षकांवर चालतात. त्यांच्यातले कितीतरी जण उत्तम शिकवतात, पण नेमणुका व्हायला उशीर झाला तर पहिला महिना रिकामा जातो आणि अभ्यासक्रम शेवटच्या चार आठवड्यांत कोंबला जातो. पुस्तिकेत हे छापलेलं नसतं. दुसऱ्या वर्षाला असलेल्या कुणालाही गाठून विचारा: तास होतात का, प्रयोगशाळेत किती मुलांना मिळून एक साहित्य मिळतं, गेल्या वर्षी अभ्यासक्रम पूर्ण झाला का? याच माणसाला 'विषय स्कोअरिंग आहे का?' असं विचारू नका. त्याचं उत्तर त्याला किती गुण पडले यावर ठरतं.

यादीत दिसणारा प्रत्येक विषय प्रत्यक्षात सुरू होतोच असंही नाही. मायनर किंवा ओपन इलेक्टिव्हला पुरेशी मुलं आली नाहीत तर महाविद्यालय तो गट बंद करून तुम्हाला दुसरीकडे वळवतं. म्हणून पसंतीक्रम भरताना दुसरी आणि तिसरी पसंतीही मनापासून भरा, कारण ती मिळण्याची शक्यता खरी आहे.

मायनरकडे येऊ. तिथेच सगळ्यात जास्त निष्काळजीपणा होतो. 'मेजर महत्त्वाचा, मायनर काहीतरी सोपं टाकू' असा सर्वसाधारण सूर असतो. पण मायनरचे गुणही सीजीपीएमध्ये धरले जातात, त्याच्याही अंतर्गत परीक्षा होतात आणि त्याचीही एटीकेटी लागते. नावडता सोपा विषय शेवटी अवघड होतो, कारण त्याला कुणी वेळच देत नाही.

चांगला मायनर मेजरला हात देतो. अर्थशास्त्राला संख्याशास्त्र किंवा गणिताची जोड हे माझ्या मते सध्याच्या याद्यांतलं सर्वांत कमी घेतलं जाणारं आणि सर्वांत उपयोगी जोडपं आहे. आयआयटींच्या जॅम परीक्षेतला अर्थशास्त्राचा पेपर पाहा, त्यात अर्थशास्त्रासाठीचं गणित आणि संख्याशास्त्र असे स्वतंत्र भाग आहेत. राज्यशास्त्राला इतिहास, समाजशास्त्राला मानसशास्त्र, रसायनशास्त्राला वनस्पतिशास्त्र किंवा प्राणिशास्त्र, मराठीला इतिहास या जोड्यांत एका विषयाचं वाचन दुसऱ्यात कामी येतं आणि घरच्या अभ्यासाचे तास खरोखर वाचतात. भूगोलाबरोबर संगणकाचा काही भाग मिळत असेल, तर जीआयएसच्या कामासाठी तो जवळ असलेला बरा.

मायनरचा आणखी एक उपयोग अनेकांना ठाऊक नसतो. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२४ च्या पदव्युत्तर आराखड्यानुसार, पदवीला जो विषय मेजर किंवा मायनर होता त्यात पदव्युत्तर प्रवेशासाठी पात्र ठरता येतं. म्हणजे मेजर रसायनशास्त्र आणि मायनर वेगळा असेल, तर पुढे दोन दारं उघडी राहतात. विद्यापीठ आपले नियम लावतं, प्रवेशपरीक्षा असतात, ते तपासावं लागेलच. पण मायनर हा रकाना भरण्यापुरता नाही हे त्यातून कळेल. माध्यमिक शिक्षक व्हायचं असणाऱ्यांनी तर इथे जास्तच जपून राहावं. बीएडच्या अध्यापन पद्धतीचे विषय पदवीला शिकलेल्या विषयांवर ठरतात. इंग्रजी आणि इतिहास, गणित आणि विज्ञान अशी शाळेत चालणारी जोडी पदवीतच जुळवून ठेवलेली बरी.

आणि आवडीचा मायनर? तोही घ्यावा. भौतिकशास्त्र करणाऱ्या मुलाला संगीत किंवा तत्त्वज्ञान घ्यावंसं वाटलं, वेळापत्रकात बसलं, तर त्याला 'याचा उपयोग काय' असं विचारून खाली बसवू नये. फक्त तिथे घरी बसून करण्याचं काम किती आहे ते पाहावं.

भार ठरतो तो दोन विषयांच्या बेरजेत. दोन्ही विषय प्रयोगशाळेचे असले तर आठवड्याच्या चार-पाच दुपारी तिथेच जातात, दोन जर्नलं एकाच पंधरवड्यात सही करून घ्यायची असतात आणि दोन व्हायवा पाठोपाठ येतात. दोन्ही भरपूर वाचनाचे असले तर वर्षभर मोकळं वाटतं आणि परीक्षेला दोन्हीकडची पुस्तकं एकदम अंगावर येतात. शक्य असेल तिथे एक हाताने करण्याचा आणि एक वाचण्याचा असा मेळ घाला. अर्ज नक्की करण्याआधी गेल्या वर्षीचं वेळापत्रक सूचनाफलकावरून फोटो काढून आणा आणि तुमची जोडी त्यात बसवून बघा. सकाळी साडेसातचा मायनर आणि दुपारी दोनचं प्रॅक्टिकल असं आलं, तर मधल्या वेळात बसायला अभ्यासिका आहे का, की कट्ट्यावरच वेळ जाणार, हा प्रश्नही आत्ताच विचारण्यासारखा आहे.

स्पर्धा परीक्षा देणाऱ्यांसाठी दोन शब्द. पदवी फक्त पात्रतेपुरती, खरा अभ्यास क्लासमध्ये, अशी विभागणी पुण्याच्या पेठांपासून जिल्ह्याच्या अभ्यासिकांपर्यंत रूढ झाली आहे. ती वेळेची नासाडी आहे. यूपीएससीच्या मुख्य परीक्षेत वैकल्पिक विषयाचे दोन पेपर मिळून ५०० गुण असतात, आणि गुणवत्तेत धरली जाणारी लेखी परीक्षा १७५० गुणांची. इतिहास, भूगोल, राज्यशास्त्र, समाजशास्त्र, लोकप्रशासन, मराठी साहित्य हे विषय त्या यादीत आहेत. तोच विषय मेजर असला तर पदवीचा तास हाच तयारीचा तास होतो. मात्र आवडत नसलेला विषय केवळ यूपीएससीत आहे म्हणून मेजर करू नका. परीक्षा दिली नाही किंवा निघाली नाही, तरी पदवी त्याच विषयाची राहणार आहे. सीए करणाऱ्या बीकॉमवाल्यांचा पेच वेगळा. फाउंडेशन आणि इंटरमिजिएट आता वर्षातून तीनदा होतात. विद्यापीठाच्या सत्रपरीक्षेला धडकणारी खेप सोडून पुढची घेणं यात काहीही कमीपणा नाही.

घरच्यांशी बोलताना 'स्कोप' हा शब्द येणारच. बाबांना स्कोप म्हणजे नोकरी, काकांना स्कोप म्हणजे शेजारच्या मुलाने जे केलं ते. वाद घालण्यापेक्षा कागद समोर ठेवा: हा तिसऱ्या वर्षाचा अभ्यासक्रम, या विषयातून पुढे जाता येतील असे दोन-तीन अभ्यासक्रम, त्यांच्या प्रवेशपरीक्षा, आणि हा माझ्या आठवड्याचा आराखडा. बहुतेक घरांत विरोध विषयाला नसतो, मुलाने विचार केलेला नाही या शंकेपोटी असतो. पालकांनीही एवढं करावं: अर्ज भरताना पाठीमागे उभं राहून बोट दाखवू नये.

सत्र सुरू झाल्यावर काय करायचं, त्याकडे वळू. मघाच्या बीएस्सीच्या मुलाचा आठवडा पुन्हा घेऊ. तो बदलापूरहून मुंबईला येतो म्हणा, जाण्यायेण्यात रोज चार तास जातात, आठवड्याला सहा दिवस, म्हणजे २४. महाविद्यालयाचे ३० आणि घरी अभ्यासाचे १४ धरून ६८ झाले. रोज सात तास झोप म्हणजे ४९. आठवड्याच्या १६८ तासांतून उरले ५१. त्यात जेवण, आंघोळ, घरची कामं, मित्र, मोबाइल. या मुलाने २० तासांची अर्धवेळ नोकरी धरली, तर रोजचे साडेचार तासही स्वतःचे उरत नाहीत. हे अशक्य नाही, अनेक मुलं करतात. पण मग त्याने त्या सत्रात नाटक, एनएसएस आणि ऑनलाइन सर्टिफिकेट ही तिन्ही घेऊ नयेत, हे कागदावर दिसतं. लोकलमध्ये जागा मिळाली तर वाचता येतं, हे खरं. पण जागा मिळण्यावर अभ्यासाचा आराखडा बेतू नका.

कमवणं गरजेचं असेल तर आधी महाविद्यालयातच चौकशी करा. कर्मवीर भाऊराव पाटलांच्या रयत शिक्षण संस्थेने 'कमवा व शिका'ची वाट घालून दिली. आज विद्यापीठांत आणि बऱ्याच महाविद्यालयांत त्या नावाने योजना चालते. मानधन थोडं असतं, पण काम आवारातच असतं आणि परीक्षेच्या काळात सांभाळून घेतलं जातं. बाहेरच्या दुकानात दिवाळीच्या तोंडावर सुट्टी मागून बघा.

पहिल्या सत्राचा क्रम ठरलेला आहे. जुलैत रमतगमत सुरुवात, ऑगस्टात पुरुषोत्तम करंडकाची प्राथमिक फेरी नाहीतर आंतरमहाविद्यालयीन महोत्सव, मग गणपती, नवरात्र, आणि एकदम ऑक्टोबर. पंधरा आठवड्यांतले कामाचे आठवडे बारा उरतात. अंतर्गत परीक्षा, प्रेझेंटेशन, असाइनमेंट, जर्नल प्रमाणित करणं हे सगळे विषय एकाच वेळी मागतात, कारण प्रत्येक प्राध्यापकाला वाटतं आपलंच काय ते थोडंसं राहिलंय. म्हणून पहिल्या आठवड्यातच प्रत्येक विषयाच्या अंतर्गत गुणांची विभागणी विचारून घ्या. किती गुण चाचणीला, किती असाइनमेंटला, किती हजेरीला? एका पानावर बारा आठवडे आखा आणि कळतील तशा तारखा भरत जा. ज्या आठवड्यात तीन गोष्टी येतात त्यातली एक आधीच्या आठवड्यात उरका. एवढंच. याहून गुंतागुंतीची पद्धत फार दिवस टिकत नाही.

प्रॅक्टिकलचं जर्नल त्याच संध्याकाळी लिहायचं, हा एक नियम पाळला तरी सत्राचा शेवट हलका होतो. निरीक्षणं ताजी असतात, आकृती आठवते, अर्ध्या तासात काम होतं. तेच दोन महिन्यांनी दुसऱ्याच्या जर्नलवरून उतरवायला रात्र जाते आणि व्हायवाला 'हे मूल्य एवढं कसं आलं?' असं विचारलं की गप्प बसावं लागतं. असाइनमेंट चॅटजीपीटीकडून लिहून घेणाऱ्यांचीही तोंडी परीक्षेत हीच गत होते. थिअरीच्या विषयांसाठी मागच्या तीन वर्षांच्या प्रश्नपत्रिका पहिल्याच महिन्यात मिळवा आणि त्यांवरून कुठल्या प्रकरणाला किती वजन आहे ते ठरवा. अभ्यासक्रम बदलला असेल तर मात्र जुन्या पत्रिकांवर विसंबू नका. नव्या रचनेत अनेक पेपरांचे गुण आणि प्रश्नांचा ढंग बदलला आहे.

हजेरीची ७५ टक्क्यांची अट हसण्यावारी नेऊ नका. डिफॉल्टर यादी लागली की पालकांना बोलावणं, हमीपत्र, जादा असाइनमेंट यात आणखी आठवडा जातो. आजारपण असेल तर वैद्यकीय प्रमाणपत्र त्याच आठवड्यात द्या, सत्राच्या शेवटी नको.

ओझं खरंच पेलेनासं झालं तर काय सोडायचं? आधी ऑनलाइन सर्टिफिकेटं. पदवीच्या दुसऱ्या वर्षी अर्धवट ऐकलेली सात सर्टिफिकेटं बायोडेटात ओळी वाढवतात, एवढंच. 'स्वयम'वरचा एखादा अभ्यासक्रम क्रेडिटसाठी घेत असाल तर गोष्ट वेगळी, पण त्याची परीक्षा वेगळी होते आणि ते क्रेडिट मान्य होईल याची लेखी खात्री विभागाकडून आधी घ्यावी. मग उपक्रम कमी करा. सीसीसाठी एक काहीतरी घ्यावंच लागतं, ते मनापासून करा. एनएसएसचं सात दिवसांचं निवासी शिबिर असतं, त्याची तारीख आधी बघा. झोप शेवटपर्यंत सोडू नका. आणि ज्या विषयात मागे पडलात त्याच्या शिक्षकांना सातव्या-आठव्या आठवड्यात भेटा. तेव्हा मदत करता येते, पंधराव्यात फक्त सहानुभूती मिळते.

एटीकेटी लागली तर शरमेने लपवू नका, पण नियम नीट वाचा: किती विषयांपर्यंत पुढच्या वर्षात जाता येतं, परीक्षा पुन्हा केव्हा, अर्जाची मुदत कधी. राहिलेला पेपर पुढच्या सत्राच्या भारात मिळवायचा असतो. त्या सत्रात पर्याय मिळत असेल तर हलकं ओपन इलेक्टिव्ह घ्या.

विषयच चुकला असं वाटलं तर पहिलं वर्ष संपताना एक संधी असते. आयोगाच्या २०२२ च्या आराखड्यात दुसऱ्या सत्राच्या अखेरीस त्याच व्यापक शाखेत मेजर बदलण्याची मुभा आहे. जागा आणि विद्यापीठाचे नियम पाहून ती मिळते. निर्णय एप्रिलमध्ये घ्या आणि विभागप्रमुखांना तेव्हाच भेटा, जुलैत कार्यालयात खेपा घालण्यापेक्षा ते सोपं जातं. वर्षभराने बाहेर पडून प्रमाणपत्र, दोन वर्षांनी पदविका ही सोयही आहे, त्यासाठी उन्हाळ्यात चार क्रेडिटांचं जादा काम करावं लागतं. नोकरीच्या बाजारात त्या प्रमाणपत्राचं वजन फार नाही, हे स्पष्ट सांगितलेलं बरं. घरच्या अडचणीने, लग्नाने किंवा आजारपणाने शिक्षण थांबवावं लागलेल्यांना मात्र ते मोलाचं आहे, कारण ॲकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्समध्ये (एबीसी) जमा झालेली क्रेडिटं सात वर्षांपर्यंत वापरता येतात.

चौथं वर्ष करायचं की नाही, हे सहाव्या सत्रानंतर ठरवायचं असलं तरी त्याचा एक धागा पहिल्या सत्रात आहे. संशोधनासह ऑनर्ससाठी पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के गुण लागतात. त्या सरासरीत पहिलं वर्षही येतं आणि मायनरही येतो. ज्यांना संशोधनात किंवा एका वर्षाच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमात रस आहे त्यांनी हे ध्यानात ठेवून पहिल्या दिवसापासून गुण सांभाळावेत. ज्यांना नोकरी धरायची आहे त्यांनी तीन वर्षांत पदवी घेऊन बाहेर पडावं. चौथं वर्ष केवळ इतर करतात म्हणून करण्याइतकं स्वस्त नाही.

आणि प्रत्येक निकालानंतर आपल्या एबीसी खात्यात त्या सत्राची क्रेडिटं चढली आहेत का, तेवढं पाहा. नसतील तर गुणपत्रिका आणि हॉलतिकीट घेऊन परीक्षा विभागात लगेच जा. अर्ज दिल्याची पोच मागून घ्या.